रात्री २ ते ५ चा फ्रीफॉर्म शो: गाण्यांआधी फोनचा विचार करा

प्रश्नकर्ते अमेरिकेत शिकतात. कॉलेजच्या एफएम स्टेशनवर त्यांना आठवड्यातून एकदा, बुधवारी रात्री २ ते ५, मोकळा स्लॉट मिळाला आहे. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या रेडिओवर रात्रीचा फ्रीफॉर्म कार्यक्रम करणाऱ्या बॉब फास यांच्याबद्दल त्यांनी ऐकलंय, आजोबांच्या मराठी रेकॉर्ड्सची पेटी त्यांच्याजवळ आहे, आणि त्यांचं विचारणं असं: ‘फ्रीफॉर्म म्हणजे मनाला येईल ते लावायचं ना? मग प्लेलिस्ट कशी बांधू? आणि साठच्या दशकात रात्रीच्या रेडिओभोवती प्रस्थापितांना कंटाळलेली माणसं जशी जमली, तसं आज काही जमू शकतं का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे आणि ते फारसं उपयोगाचं नाही. फ्रीफॉर्ममध्ये स्टेशन तुमच्या हातात गाण्यांची यादी देत नाही. काय वाजवायचं, कशानंतर वाजवायचं, कधी आणि किती बोलायचं, हे निवेदक ठरवतो. झालं. पण आपल्या आवडीची गाणी तीन तास लावणारे कार्यक्रम ढिगाने आहेत, आणि त्यातले बरेच ऐकताना कुणाच्या तरी बंद खोलीबाहेर उभं राहिल्यासारखं वाटतं. फास यांच्याभोवती माणसं जमली ती गाण्यांमुळे कमी, टेलिफोनमुळे जास्त. म्हणून तुमचा खरा प्रश्न प्लेलिस्टचा नाहीच. पहाटे तीनला जागा असलेला एक माणूस तुमच्या स्टुडिओमार्गे दुसऱ्या जाग्या माणसापर्यंत कसा पोचेल, हा आहे.

ते कितपत जमेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. ट्रान्समीटरची पोच किती आणि त्या टप्प्यात रात्री कोण जागं असतं: हॉस्पिटल, गोदाम, बेकरी, टॅक्सीवाले, की फक्त वसतिगृह? फोनच्या लाइनी किती, आणि तुम्ही माइकवर असताना फोन उचलायला दुसरं कुणी आहे का? तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: श्रोत्यांना थेट प्रक्षेपणात घ्यायला स्टेशनची परवानगी आहे का? काही कॉलेजं देत नाहीत. तसं असेल तर फोनबद्दल खाली लिहिलेलं निम्मं बाद होतं; संदेश घेऊन वाचून दाखवणं एवढंच उरतं. तेही वाईट नाही.

थोडा मागचा भाग सांगतो, कारण तो काळ नुसता ‘मोकळा’ होता म्हणून तसं घडलं हा गैरसमज आहे. डब्ल्यूबीएआय हे ९९.५ मेगाहर्ट्झवरचं न्यूयॉर्कचं स्टेशन १९६० मध्ये त्याच्या मालकाने पॅसिफिका फाउंडेशनला देऊन टाकलं. पॅसिफिकाने १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत केपीएफए हे स्टेशन सुरू करून एक रीत घालून दिली होती: जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालायचं. फास मूळचे नट. १९६३ पासून ते डब्ल्यूबीएआयवर मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम करू लागले. त्या वेळेवर कुणाचा डोळा नव्हता, म्हणून कुणाची आडकाठीही नव्हती. गाणी, कविता, स्टुडिओत सहज येऊन बसलेले गायक, मोर्च्यांच्या बातम्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच वेळी दहा जणांना एकमेकांशी बोलता येईल अशी फोनची जोडणी. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, तिसऱ्याने दोघांशी भांडायचं. फास मध्ये फार बोलायचे नाहीत.

पश्चिमेकडची वाट वेगळी होती. ज्या शहरांची वस्ती एक लाखाहून जास्त, तिथे एकाच मालकाच्या एएम आणि एफएम स्टेशनांवर निम्म्याहून जास्त वेळ तोच कार्यक्रम चालवायचा नाही, हा एफसीसीचा (प्रक्षेपणावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा) नियम १९६७ च्या सुरुवातीला लागू झाला. एफएमवर अचानक पुष्कळ रिकामे तास तयार झाले, आणि ते स्वस्तात भरायला तरुण निवेदक मिळत होते. सॅन फ्रान्सिस्कोचं केएमपीएक्स त्या वेळी तास भाड्याने देऊन परदेशी भाषांच्या कार्यक्रमांवर तगून होतं. तिथे १९६७ मध्ये आधी लॅरी मिलर मध्यरात्रीनंतर आणि मग टॉम डोनाह्यू संध्याकाळी वाजवू लागले: एलपीवरची लांब गाणी, ब्लूज, आणि त्यातच एखादा राग. १९६८ च्या मार्चमध्ये तिथल्या लोकांनी संप केला आणि बरेच जण त्याच शहरातल्या केसॅन या स्टेशनमध्ये गेले. पण ही जाहिरातींवरची स्टेशनं होती. श्रोते वाढले तशा जाहिराती वाढल्या, जाहिराती वाढल्या तसे सल्लागार आले, आणि सत्तरच्या दशकात बहुतेक ठिकाणी गाणी परत यादीवरून वाजू लागली. १९८० मध्ये केसॅनवर कंट्री म्युझिक वाजत होतं. माझ्या मते या दोन गोष्टींतला फरक मोकळेपणाचा नव्हता. एकीकडे श्रोता गिऱ्हाईक होता, दुसरीकडे वर्गणीदार आणि बातमीदार दोन्ही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा. ‘आपली आवड’ किंवा विविध भारतीचे फर्माइशी कार्यक्रम डोळ्यांसमोर ठेवून फ्रीफॉर्म समजून घ्यायला जाऊ नका. फर्माइशीत श्रोता गाणं मागतो आणि त्याचं नाव वाचलं जातं, तिथे व्यवहार संपतो. फ्रीफॉर्ममध्ये श्रोता गाणं मागू शकतो, तुम्ही ते नाकारू शकता, आणि तो का मागतोय हे विचारण्यातून पुढचा अर्धा तास उभा राहू शकतो.

आता फोन.

टेलिफोन हायब्रिड नावाचा डबा तुमच्या कन्सोलला, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलाला, जोडलेला असेल. त्याचं काम फोनची दोन तारांची लाइन फोडून येणारा आवाज आणि जाणारा आवाज वेगळा करणं. फोन करणाऱ्याकडे जे मिश्रण पाठवायचं ते ‘मिक्स-मायनस’: कार्यक्रमातलं सगळं, वजा त्याचा स्वतःचा आवाज. हे चुकलं की तो स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकतो आणि अडखळतो, किंवा लाइन शिट्टी मारायला लागते. पहिल्या शिफ्टच्या आधी दिवसा जाऊन मोबाइलवरून स्वतःच फोन लावून बघा: संगीत ऐकू येतं का, तुमचा माइक ऐकू येतो का, आणि मोबाइलमध्ये बोललात की तुमचंच बोलणं परत येत नाही ना. दोन लाइनी असतील तर अजून एक तपासणी करा. पहिल्या फोनवाल्याला दुसऱ्याचा आवाज जायला हवा. पुष्कळ लहान स्टुडिओंत दोन्ही लाइनींना एकच मिक्स-मायनस दिलेला असतो, मग श्रोते तुम्हाला ऐकतात पण एकमेकांना ऐकत नाहीत, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप तेच होत नाही. इंजिनीअरला हे एक काम हक्काने सांगा.

एका वेळी किती जण घ्यायचे? फास दहा घेत, तुम्ही दोनने सुरू करा आणि तीनच्या वर जाऊ नका. प्रत्येक उघडी लाइन आपल्याबरोबर खोलीतला पंखा, रस्ता आणि खरखर आणते. चौथ्या माणसापासून कोण बोलतंय हे श्रोत्याला कळेनासं होतं. शिवाय तुम्ही बोलायला लागलात की बहुतेक हायब्रिड समोरच्याचा आवाज दाबतात. दोघं एकदम बोलले तर शब्द तुटतात. म्हणून जो बोलत नाही त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली आणा, पण पूर्ण बंद करू नका. त्याचं ‘हं’ ऐकू आलं पाहिजे.

फोन उचलल्यावर ऑन एअर घेण्याआधी चार गोष्टी विचारायच्या: नाव (खरं नसलं तरी चालेल), कुठल्या भागातून, काय बोलायचंय, आणि रेडिओ बंद केलाय का. शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त घात करते. स्टेशनने सात सेकंदांचा डिले लावला असेल, म्हणजे नको ते बोलणं अडवता यावं म्हणून आवाज सात सेकंद उशिरा हवेवर जात असेल, तर घरातला रेडिओ सात सेकंद मागे असतो. इंटरनेटवरून ऐकणारा तर अर्धा मिनिट किंवा त्याहूनही मागे. रेडिओ चालू ठेवून बोलणारा माणूस आपलंच मागचं वाक्य ऐकून गप्प होतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. तुमच्यासाठीही हेच: डिले चालू असताना हेडफोनमध्ये हवेवरचा नाही, कन्सोलचाच आवाज घ्या.

डम्प बटण दाबलं की डिलेमधला साठलेला आवाज टाकून दिला जातो आणि तुम्ही क्षणभर ‘आत्ता’मध्ये येता. त्यानंतर यंत्र हळूहळू पुन्हा सात सेकंद साठवतं. साठवून होईपर्यंत दुसरा डम्प पूर्ण काम करत नाही. म्हणून बटण दाबल्यावर पुढचा फोन लगेच घेऊ नका, एक गाणं लावा. आणि कशासाठी दाबायचं हे आधी ठरवा. अमेरिकेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत शिवराळ भाषेला एफसीसी सूट देतं. हा सगळा वाद उभा राहिला तोही डब्ल्यूबीएआयवरूनच: १९७३ मध्ये तिथे भरदुपारी विनोदवीर जॉर्ज कार्लिन यांचा शिव्यांवरचा एक तुकडा वाजला, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी एफसीसीच्या बाजूने निकाल दिला. अश्लीलतेची जी कायदेशीर व्याख्या आहे तिला मात्र कुठल्याच वेळी सूट नाही, आणि कॉलेजचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात. पण माझं मत विचाराल तर एका शिवीपायी डम्प वाया घालवू नका. कुणी तिसऱ्या माणसाचं नाव घेऊन त्याच्यावर आरोप करायला लागला, कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर बोलून गेला, तर एका सेकंदाचाही विचार न करता दाबा.

तुम्ही स्वतः कुणाला फोन लावून ऑन एअर घेत असाल तर आधी सांगणं बंधनकारक आहे, रेकॉर्ड करण्याआधीसुद्धा. स्वतःहून फोन करणाऱ्यांना ही माहिती आहे असं धरलं जातं, पण ते तेव्हाच, जेव्हा तुमच्या कार्यक्रमात फोन प्रक्षेपित होणं नेहमीचं असतं. पहिल्या काही आठवड्यांत ते नेहमीचं नसतं. प्रत्येकाला सांगा.

रात्रीच्या रेडिओवर कधी ना कधी असा फोन येतोच, ज्याची तयारी आधी करून ठेवावी लागते. १९७१ मध्ये एका श्रोत्याने फास यांना फोनवर आपण आत्महत्या करत असल्याचं सांगितलं. फास त्याच्याशी बोलत राहिले, दरम्यान फोन कुठून आलाय याचा माग काढला गेला, आणि पोलीस पोचले तेव्हा तो जिवंत होता. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते आणि तिचं अनुकरण केलं जातं. करू नका. त्या काळी एक्स्चेंजमधून कॉल शोधायला वेळ लागायचा, माणसाला लाइनवर धरून ठेवणं हाच मार्ग होता. आज हे करा: वीसेक मिनिटांची रेकॉर्ड लावा, फोन ऑन एअरवरून काढा, पण ठेवू नका, बोलत राहा. दुसऱ्या माणसाने दुसऱ्या फोनवरून ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला किंवा कॅम्पस सुरक्षेला कळवायचं. त्या माणसाला ९८८ हा आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदतवाहिनीचा नंबर द्या. २०२२ पासून तो देशभर चालतो, फोन आणि मेसेज दोन्हीवर. हे तीन ओळींत लिहून फोनच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. आणि अशा फोनसाठी ती लांब रेकॉर्ड आधीपासून बाजूला काढलेली असू द्या. रागाची एक बाजू यासाठी उत्तम: बावीस मिनिटं, कुणाला संशय येत नाही.

दुसरा माणूस नसेल तर? मग फोन ऑन एअर घेऊ नका. पहिले चार-सहा आठवडे फक्त संदेश घ्या आणि वाचा, तोवर जे नियमित फोन करतात त्यांच्यातूनच एखादा स्वयंसेवक निघतो. बहुतेक ठिकाणी असंच होतं.

आता सूचना आणि हाका. फास यांच्या कार्यक्रमातून हरवलेली मांजरं, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या गाडीतली रिकामी जागा, आज रात्री झोपायला जमीन हवी असलेले, जामिनाचे पैसे, असं सगळं फिरायचं. प्रस्थापितांना नाकारणारी जी प्रतिसंस्कृती म्हणतात ती रोजच्या रोज जगायला या असल्याच गोष्टी लागत होत्या, आणि त्या दुसऱ्या कुठल्या स्टेशनवर मिळत नव्हत्या. तुमच्याकडेही सुरुवात यातूनच होईल. सूचना देताना वेळ अशी सांगा की चूक होणार नाही. ‘आज संध्याकाळी’ म्हणजे रात्री अडीचला कुठला दिवस? तुमचा बुधवारचा स्लॉट कॅलेंडरवर गुरुवारी पहाटे असतो. वार आणि तारीख दोन्ही बोला, दर वेळी. स्टेशनच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीतही, हाच घोळ होतो. स्टेशन कुठला दिवस धरतं ते विचारून घ्या. स्टेशन बिनव्यावसायिक असेल तर आणखी एक कुंपण आहे. ‘माझी सायकल हरवली’ चालतं. ‘अमुक हॉटेलात जा, आज दोनवर एक फुकट’ चालत नाही: व्यवसायाची किंमत सांगणं, तुलना करणं, ‘जा, घ्या’ म्हणणं हे सगळं वर्ज्य.

लोकांना एकत्र बोलावण्याबद्दल दोन उदाहरणं जोडीने बघा. १९६७ च्या फेब्रुवारीत फास यांनी श्रोत्यांना मध्यरात्री केनेडी विमानतळावर बोलावलं, कसल्याही कारणाशिवाय, नुसतं भेटायला. हजारो आले. त्याच वसंतात त्यांनी लोअर ईस्ट साइडमधला एक कचऱ्याने भरलेला रस्ता झाडायला बोलावलं, तर महानगरपालिकेच्या सफाई खात्याने लोक यायच्या आधीच तो रस्ता स्वच्छ करून टाकला. मंडळी झाडू घेऊन दुसऱ्या रस्त्यावर गेली. रेडिओची ताकद काय असते हे त्या दोन हाकांनी दाखवलं. मग १९६८ च्या मार्चमध्ये यिप्पींची (युद्धविरोधी बंडखोर तरुणांच्या गटाची) मध्यरात्रीची जमवाजमव ग्रँड सेंट्रल स्टेशनात झाली. हजारोंचा जमाव छताखालच्या जागेत होता, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, डोकी फुटली. हाक मारण्याची पद्धत सगळीकडे एकच. फरक जागेचा, जमावाच्या मनःस्थितीचा आणि पोलिसांच्या तयारीचा होता. तुमच्या शोमधून कुणी ‘अमुक ठिकाणी जमू या’ म्हणालं तर ऑन एअर जाण्याआधी विचारा: जागा कुणाची, बाहेर पडायच्या वाटा किती, कुणाला कळवलंय, जबाबदार कोण. उत्तरं नसतील तर पुढच्या आठवड्यात सांगू म्हणा. पहिली भेट शक्यतो उजेडात आणि खाण्याच्या ठिकाणी ठेवावी: शिफ्टनंतर सकाळी सहाला उघडणारं डायनर यासाठी फार सोयीचं.

गाण्यांबद्दल आता सांगतो, कारण विचारलंय त्याबद्दलच.

१८० मिनिटांत साधारण सहा सेट धरा, वीस ते पंचवीस मिनिटांचे, आणि मधल्या प्रत्येक थांब्याला पाच-आठ मिनिटं बोलणं आणि फोन. लागेल त्याच्या दुप्पट संगीत घेऊन जा. क्रम ठरवून नेऊ नका, फक्त पहिला सेट ठरवा. सेट संपल्यावर काय वाजलं ते उलट्या क्रमाने सांगा, शेवटचं आधी, कारण तेच कानात असतं. दर तासाच्या जवळपास स्टेशनची कायदेशीर ओळख द्यावी लागते: कॉल लेटर्स (डब्ल्यूबीएआय यासारखं स्टेशनचं अक्षरी नाव) आणि लगेच परवान्यावरचं गाव. मध्ये फ्रीक्वेन्सी आली तर चालतं, विनोद आला तर चालत नाही. लांब राग तासावर येत असेल तर तो तोडू नका, पुढच्या नैसर्गिक थांब्याला ओळख द्या. नियमात तेवढी जागा आहे.

स्टेशन इंटरनेटवरही ऐकवत असेल तर सांगीतिक स्वातंत्र्याला एक मर्यादा येते, आणि ती नव्या लोकांना माहीत नसते. वेब प्रक्षेपणाच्या वैधानिक परवान्याखाली (रेकॉर्ड कंपन्यांना वेगळं न विचारता कायद्यानेच मिळणाऱ्या परवान्याखाली) कुठल्याही तीन तासांत एका अल्बममधली तीनच गाणी, त्यातली सलग दोनच. एका कलाकाराची चार, त्यातली सलग तीनच. म्हणजे एलपीची अख्खी बाजू लावणं, जे १९६७ मध्ये फुशारकीने केलं जायचं, ते आज बहुधा नियमाबाहेर जातं. पण बाजूभर एकच राग असेल तर तो एकच ट्रॅक.

दोन गाणी जोडताना सूर, लय, विषय किंवा आवाजाचा पोत, यातलं एकच काहीतरी जुळवा. बाकी जितकं विसंगत तितकं चांगलं. तबल्याची तिहाई समेवर संपते, तिथे पुढचं गाणं क्षणही न दवडता सुरू करता येतं. फेड होणाऱ्या गाण्यापेक्षा हे किती तरी सोपं. तानपुऱ्यावरून इलेक्ट्रॉनिक ड्रोनवर (यंत्राच्या एकसलग सुरावर) जायचं असेल तर षड्ज जुळवा. टर्नटेबलचा पिच, म्हणजे वेग, साधारण अधिक-उणे ८ टक्के हलतो आणि अर्धा सूर म्हणजे सुमारे ५.९ टक्के, म्हणजे पांढरी एकची रेकॉर्ड काळी एकला नेता येते. त्यापुढे नाही.

आजोबांची पेटी. त्या रेकॉर्ड्स ७८ च्या असतील तर स्टुडिओत नेऊच नका. डीजे टर्नटेबलांना बहुधा ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. सुई हा त्याहून मोठा प्रश्न: एलपीची सुई साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि ७८ च्या खोबणीला सुमारे ३ मिलची लागते. बारीक सुई खोबणीच्या तळाशी घसरत जाते, नुसती खरखर येते आणि तबकडीचंही नुकसान होतं. लाखेच्या त्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावायचा नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने गोल पुसायचं आणि मधलं लेबल कोरडं ठेवायचं. मग जाड सुई लावून घरीच डिजिटल करा. टर्नटेबलला ७८ नसेल तर ४५ वर वाजवून संगणकात वेग १.७३३ पट करता येतो. स्वरांचा तोल थोडा बिघडतो, तो इक्वलायझरने कानाला पटेपर्यंत नीट करायचा. एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असते, फोनच्या आधी किंवा नंतर ठेवायला नेमकी. आणि लावल्यावर गाणं कशाबद्दल आहे ते इंग्रजीत दोन वाक्यांत सांगा. त्या दोन वाक्यांवर आलेले फोन निव्वळ गाण्यावर आलेल्यांपेक्षा जास्त असतात.

‘आज जमेल का’ याबद्दल. साठच्या दशकासारखं तंतोतंत नाही जमणार. तेव्हा रात्री जाग्या माणसाला दुसरा जागा माणूस शोधायला रेडिओ आणि फोन एवढंच होतं. पण न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू, ९१.१ वर, अजून फ्रीफॉर्म आहे आणि श्रोत्यांच्याच पैशांवर चालतं. ते ज्या कॉलेजचं होतं ते अप्साला कॉलेज १९९५ मध्ये बंद पडलं, स्टेशन मात्र टिकलं. कार्यक्रम चालू असताना त्यांच्या वेबसाइटवर गाण्यांची यादी आणि श्रोत्यांच्या टिप्पण्या शेजारी शेजारी सरकत असतात. फास यांच्या फोनच्या जोडणीचं काम तिथे बऱ्याच अंशी त्या पानाने उचललंय. तुमच्या स्टेशनकडे असं पान असेल तर वापरा, पण त्याच्याकडे बघत बसू नका. टिप्पण्या वाचणारा निवेदक माइकवर विस्कळीत होतो. सेट लावल्यावर वाचा, उत्तर माइकवरून द्या. आणि वेळ बदलू नका. कार्यक्रम फसायचं सगळ्यांत साधं कारण खराब गाणी नव्हे, परीक्षेच्या आठवड्यात न सांगता मारलेली दांडी. येणं जमणार नसेल तर त्या तीन तासांत दुसऱ्या कुणाला तरी बसवा.

शेवटी रेकॉर्डिंग. फास यांच्या कार्यक्रमांची हजारो रिळं उरली म्हणून आज त्याबद्दल इतकं बोलता येतं. ती आता कोलंबिया विद्यापीठाकडे आहेत. तुमचे तीन तास सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये सुमारे १.९ जीबी होतात, १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये सुमारे १७० एमबी. पहिली प्रत जपायला, दुसरी ऐकायला. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस अशी, आणि शेजारी एक साधी मजकुराची फाइल: किती मिनिटाला कोणता फोन, कोणती सूचना. नेटवर टाकण्याआधी स्टेशनला विचारा. वैधानिक परवान्याखाली पाच तासांहून लहान संग्रहित कार्यक्रम चालत नाही, आणि त्याहून मोठा असला तरी दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काही स्टेशनांनी रेकॉर्ड कंपन्यांकडून वेगळी सूट घेतलेली असते. फोनवाल्यांचा भाग नेटवर टाकायचा असेल तर ज्यांनी खरं नाव सांगितलंय तेवढं कापा; रात्री तीनला बोललेलं दुपारी तीनला कुणी शोधून काढावं अशी त्यांची अपेक्षा नसते.